हरताळाखालची ओळ

जिच्या कृपेवाचून अक्षर उमटत नाही आणि उमटलेले वाचता येत नाही, त्या श्रीशारदेला साष्टांग नमस्कार करून, आणि ज्या गुरूंनी मला पहिले अक्षर गिरवावयास दिले त्यांचे स्मरण करून, आज माघ शुद्ध पंचमीला हे लिहावयास बसलो आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील घरोघरच्या हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे काढून त्यांची सूची करण्याचे जे काम गेली सहा वर्षे माझ्या हातून घडले, ते या आठवड्यात पूर्ण झाले. त्या सूचीत प्रत्येक पानाचे एकच छायाचित्र आहे. एका पोथीच्या शेवटच्या पानाची मात्र दोन आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पाहणारे विचारतात. त्यांना एकदाच आणि पुरते उत्तर द्यावे, हे या लेखाचे निमित्त. यात कोणाचेही नाव घालणार नाही. नावे सूचीत आहेत. आणि नावाच्या मोहाने आमच्या घरात जे घडले तेच येथे सांगायचे असल्याने, या पानांवर तरी तो मोह नको.

मी लातूरच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नांदेडला आलो. तेथे एका ओळखीच्या घरातली पोथ्यांची पेटी, वाचणारे कोणी उरले नाही म्हणून, गोदावरीत विसर्जित झाल्याचे कळले. विसर्जन यथाविधी झाले होते. दोष देण्याजोगे त्यात काही नव्हते. तरीही त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पोथ्या राखणे माझ्या हाती नव्हते, पण त्यांची प्रतिमा राखता येईल असे वाटले, आणि या वयात मी कॅमेरा हाती धरला.

कॅमेरा दिला तो माझ्या एका विद्यार्थिनीने. ती मूळची चाकूरची, बौद्ध घरातली. माझ्याकडे पाच वर्षे संस्कृत शिकली, रूपे पाठ करण्यात वर्गात पहिली, आणि पुढे पदार्थविज्ञान शिकवू लागली. तिला तारे टिपण्याचा छंद. नवा कॅमेरा घेतल्यावर जुना तिने मला आणून दिला. सोबत एका डबीत, मऊ कापडात गुंडाळलेली एक गोल काचही दिली.

"सर, ही काच लेन्सवर फिरवून बसवल्याशिवाय एकही फोटो काढायचा नाही," ती म्हणाली. "हा कॅमेरा साधा राहिलेला नाही."

तिने समजावले ते असे. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात, प्रकाश टिपणाऱ्या पट्टीपुढे, कारखान्यातच एक पातळ काच बसवलेली असते. तांबड्याच्या पलीकडचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ती अडवते. ती तांबड्या प्रकाशाचाही काही भाग खाते, आणि आकाशातले तांबूस तेजोमेघ त्यामुळे फिके येतात. म्हणून हिने कारागिराकडून ती काढून घेतली होती. ताऱ्यांना ते सोयीचे, पण पृथ्वीवरच्या वस्तूंचे रंग बिघडतात. तेव्हा आतल्या काढलेल्या काचेचे काम करणारी दुसरी काच बाहेरून लावावी लागते.

मला ते पटले नव्हते. न दिसणारा प्रकाश चित्रात उतरतो कसा? तिने वाद घातला नाही. अंगणात काच न लावता एक चित्र काढले आणि दाखवले. तुळशीची पाने पिठूळ झाली होती, माझी काळी टोपी वांग्याच्या रंगाची, आणि मांडीवरच्या पोथीतले हिंगुळाने लिहिलेले तांबडे अंक जवळजवळ उडून गेले होते. मग काच बसवून पुन्हा काढले. सारे जागच्या जागी आले.

ती काच हातात घेऊन मी बराच वेळ पाहिली. सरळ धरली तर पाण्यासारखी स्वच्छ. तिरपी धरली तर तांबूस-हिरवी झाक मारते. मनात आले की, परमेश्वराने आपल्या डोळ्यांनाही अशीच काही मर्यादा घालून दिली आहे, ती त्याची दयाच असेल. तेव्हापासून माझा नियम ठरला. स्नान, संध्या, घरच्या लोकांची अनुज्ञा, पोथीला नमस्कार, मग काच तपासणे, आणि मग छायाचित्र. सहा वर्षांत तो नियम एकदाच मोडला.

आता त्या पोथीविषयी.

आमचे मूळ गाव नायगाव तालुक्यात. आजोबा तेथल्या देवळात पुराण सांगत; त्यांच्यामागे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू; आणि आता माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. दर मार्गशीर्षात महिनाभर जी पोथी व्यासपीठावर ठेवून वाचली जाते, ती आजोबांनी स्वहस्ते लिहिलेली, अशी आमच्या घराण्याची ख्याती. अक्षर असे की एका पानावर दुसरे पान ठेवले तर ओळीवर ओळ बसावी. शेवटच्या पानावर, लिहिणाऱ्याचे नाव सांगणाऱ्या पुष्पिकेत, आजोबांचे नाव आहे. आणि ते नाव एका पिवळ्या पट्टीवर लिहिलेले आहे.

ती पट्टी हरताळाची, म्हणजे एका पिवळ्या, विषारी खनिजाच्या लेपाची. पूर्वी बोरूने लिहिताना चूक झाली तर खोडत नसत. त्यावर हरताळाचा लेप देऊन, तो वाळल्यावर त्या लेपावरच पुन्हा शुद्ध लिहीत. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग आपण त्यावरूनच घेतला, जरी आता तो दुसऱ्याच अर्थाने वापरतो. मी शाळेत मुलांना सांगत असे, "माझे आजोबा स्वतःच्या नावातली चूकसुद्धा तशीच जाऊ देत नसत." हे मी किती वर्षे आणि किती अभिमानाने सांगितले, ते आठवले की मान खाली जाते.

आमच्या घरात आत्या होती, अण्णांची थोरली बहीण. सासरी नांदायला जाण्यापूर्वीच वैधव्य आलेले. मग जन्मभर माहेरीच. मला ती आठवते ती अंगणात धान्य निवडताना, फार कमी बोलणारी. मी सहा-सात वर्षांचा असताना ती गेली. माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे सगळे बालपण आत्याच्या पदराला धरून गेले.

पाठशाळेची पदवी घेऊन मी गावी परतलो तेव्हा मार्गशीर्षातल्या वाचनाच्या समाप्तीला देवळात माझा सत्कार झाला. मी उभा राहून आजोबांच्या लेखणीची थोरवी सांगितली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने अक्काचा आवाज आला. ती सासरहून, लातूरहून, मुद्दाम आली होती.

"ही पोथी आजोबांनी नाही लिहिली. आत्यानं लिहिलीय. मी शाई घोटून दिलीय तिला."

कोणी तरी हसले. मग बरेच हसले. मी तरुण होतो, अंगावर नवी शाल होती, आणि शास्त्र शिकून आलो आहे याची घमेंड शालीपेक्षा जड होती. मी म्हणालो, "अक्काला लहानपणी स्वप्न पडले असेल. पुष्पिका समोर आहे. शास्त्र पुराव्यावर चालते, बायकांच्या गप्पांवर नव्हे."

अक्का उठून गेली. त्यानंतर त्या वाचनाला ती कधीही आली नाही. पुढे आमच्या घरात एक शब्दच रूढ झाला. कोणी थाप मारली की म्हणायचे, "अक्काची पोथी सांगू नकोस." माझी नातवंडेही म्हणत, त्यांना तो शब्द कोठून आला ते ठाऊक नव्हते. मी कोणाला कधी अडवले नाही. राखी, भाऊबीज सारे होत राहिले. मी लातूरला असताना दर आठवड्याला तिच्याकडे जेवायला जात असे. त्या विषयावर मात्र आम्ही दोघेही पुन्हा बोललो नाही.

इतरांच्या पोथ्या आधी आणि घरची शेवटी, असे मी ठरवले होते. गेल्या आश्विनात तिची पाळी आली. खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते: विळी, शिवणयंत्र, मुलाची मोटारसायकल. सूनबाईने मोठ्या भक्तीने कॅमेऱ्यालाही पूजेत बसवले आणि हळदकुंकवाचे बोट बरोबर त्या काचेच्या मधोमध टेकवले.  पूजेतली वस्तू म्हणून तो दिवस तशीच ठेवली. दसऱ्याला सकाळी काच काढली, धुतली, आणि देवघरात ताम्हनात वाळत ठेवली. त्याच दिवशी पुतण्याचा निरोप आला की उद्या त्याला मोकळा वेळ आहे. एकादशीच्या सकाळी कॅमेरा पिशवीत घालून मी गावी गेलो. काच ताम्हनातच राहिली. तपासण्याचा नियम पाळला नाही, कारण आपल्याच घरची पोथी. तेथे कसली तपासणी, असे काहीसे मनात असावे.

आभाळ भरलेले होते. ओसरीवर उजेड पुरेना आणि आतल्या नव्या दिव्याने चित्रात पट्टे उठत होते. पुतण्याने कोठून तरी जुना पिवळा तारेचा बल्ब आणून लावला. सूचीसाठी पहिले आणि शेवटचे पान आधी टिपायचे, ही माझी रीत. ती दोन पाने टिपली, प्रत्येकी तीनदा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर सारे तांबूस दिसले. ते बल्बामुळे असेल असे समजलो. मग वीज गेली ती आलीच नाही. उरलेले नंतर करू म्हणून परतलो.

दुसऱ्या दिवशी नांदेडला संगणकावर चित्रे उघडली. पहिल्या पानावरचे हिंगुळाचे अंक नाहीसे झालेले पाहून चूक लक्षात आली. ती चित्रे पुसून टाकणार, एवढ्यात शेवटचे पान समोर आले.

पिवळी पट्टी पांढुरकी झाली होती. तिच्यावरचे आजोबांचे नाव इतके पुसट झाले होते की ठाऊक असल्यावाचून वाचता येऊ नये. आणि त्याच्याखाली, पोथीतल्या बाकीच्या अक्षरांच्याच वळणाचे, त्याच काळेपणाकडे झुकणारे, दुसरे नाव वर आले होते. आत्याचे. नावापुढे लिहिणारीने स्वतःसाठी स्त्रीलिंगी रूप योजले होते, आणि ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

मी संगणक बंद केला. पुन्हा उघडला. नाव तेथेच होते.

विद्यार्थिनीला फोन लावला. तिने पहिला प्रश्न केला, "सर, काच लावली होती ना?"

"काच देवघरात राहिली."

"देवघरात? तिला काय एकादशी होती का?" ती हसली. मग माझ्या आवाजावरून तिला काही कळले असावे. "काय झालं, सर?"

मी चित्र पाठवले. तिने पाहिले आणि शांतपणे उलगडून सांगितले. काजळाची शाई अवरक्त किरणांनाही काळीच दिसते. बाजारात बाटलीतून मिळणाऱ्या निळ्या-काळ्या शाईत नुसता रंग असतो. तिच्यातून ते किरण सरळ पार होतात. हरताळाचा पातळ थरही त्यांना फारसा अडवीत नाही. आणि तारेच्या बल्बात दिसणाऱ्या उजेडापेक्षा न दिसणाराच जास्त असतो.

"म्हणजे खोटे कोण सांगते आहे? कॅमेरा की माझे डोळे?"

"कॅमेऱ्याला खरं-खोटं कळत नाही, सर. खालचं काजळानं लिहिलंय आणि वरचं विकतच्या शाईनं, एवढंच तो सांगतोय. पुढचं तुम्ही वाचायचं." थोडे थांबून ती म्हणाली, "एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोल."

"तुमच्या घरात नाव पुसायला हरताळ तरी लागला. माझ्या पणजीच्या हाती बोरूच आला नाही, त्यामुळं कोणाला मेहनतच पडली नाही."

फोन ठेवून मी पुन्हा त्या चित्राकडे वळलो.

आजोबा जन्मभर घरच्या काजळाच्या शाईनेच लिहीत; विकतची शाई म्हणजे त्यांच्या हातचे ते नाव नव्हते. घरातल्या जुन्या पत्रांची, पूर्वी काच लावून टिपलेली चित्रे काढून मी ताडून पाहिली. 'ण' चा दंड खाली वळवून सोडण्याची ती लकब अण्णांची. ज्यांनी मला असत्याला घाबरायला शिकवले, ज्यांच्या श्राद्धाला मी आजवर कधी चुकलो नाही, त्यांनी आपल्या बहिणीच्या नावावर वडिलांचे नाव घातले होते.

आठ दिवसांनी काच घेऊन मी पुन्हा गावी गेलो, सबंध पोथी टिपली, आणि शेवटचे पानही नियमाप्रमाणे टिपले. चित्र उत्तम आले: पट्टी पिवळी, अक्षर निळे-काळे, नाव आजोबांचे. पुतण्याला मी दुसरे चित्र दाखवले. त्याने दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी धरून पाहिली.

"काका, काच लावून काढलाय त्यो फोटो हाय ना चांगला? मग त्योच ठेवा की," तो म्हणाला. "डोळ्याला जे दिसतं ते खरं. बिनाकाचेचं कोन बघायला बसलंय?"

मी त्याला रागावलो नाही, कारण तेच माझ्याही मनात होते. सूचीचा नियमही तेच सांगत होता: काच लावलेलेच चित्र प्रमाण. कार्तिक महिनाभर त्या पानापुढे मी एकच चित्र ठेवले. दुसरे एका वेगळ्या ठिकाणी सारून ठेवले, पुसलेही नाही. रोज संध्येला बसलो की आचमनाचे पाणी हातात घेऊन मी थबकत असे. नियम पाळून असत्य राखता येते, हे मला त्या महिन्यात कळले. आणि ते मी किती सराईतपणे करू शकतो, हेही. अखेर न राहवून लातूरला गेलो.

अक्का आता चौऱ्याऐंशीची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. खाटेवर बसून ती लसूण सोलत होती. मी चित्र छापून, मोठे करून नेले होते. आणि दारात पाऊल ठेवल्यावर लक्षात आले की ते तिला दाखवता येणार नाही. पुरावा हाती घेऊन आलेला मी, आणि पुरावा जिला दाखवायचा तिला डोळे नाहीत. तोंडानेच सांगणे भाग होते.

"अक्का, पोथी आत्यानेच लिहिली," मी म्हणालो.

तिने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "कोण म्हणतं?"

"कॅमेऱ्यात दिसले. हरताळाखाली तिचे नाव आहे."

"मशिनीत दिसलं होय." ती हसली, पण ते हसू बरे नव्हते. "मी भर देवळात सांगितलं तवा न्हाई दिसलं. मशिनीवर इमान हाय तुझं. बरंय."

मी चित्र कसे निघाले ते सांगू लागलो. तिने हात वर करून थांबवले.

"मला कशाला शिकवतोस बाळ? तो हरताळ मीच खलून दिलाय."

हे मला ठाऊक नव्हते. 

"नऊ वर्षांची असेन," ती म्हणाली. "अण्णांनी खल पुढ्यात ठेवला. म्हणाले, बारीक घोट, शेवटच्या पानावर चूक हाय. मी घोटला. मला लई हौस होती त्या पिवळ्या रंगाची. वर म्हणाले, हात माती लावून तीनदा धू, विष असतं. धुतले. आत्या तिथंच होती, ज्वारी निवडत. अण्णा लेप द्यायला लागले, तशी तिनं मान वर केली. म्हणाली, 'कुठं रे चुकलंय?'"

"मग?"

"मग काय. अण्णांनी वर पाहिलं न्हाई. ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. मला वाटलं, खरंच चुकलं असंल तिचं. लई वर्षांनी वाचायला शिकले तवा कळलं, चूक कुठली ते."

तिच्या हातातली लसणाची पाकळी केव्हाच सोलून झाली होती. तरी ती अंगठ्याने तिच्यावरून साल काढीतच होती.

"अण्णांनी असे का केले, अक्का?"

"देवळातली मंडळी म्हणून राहिली असतील, विधवेच्या हातची पोथी व्यासपीठावर नको म्हणून. पोथी तरी जगंल, असं वाटलं असंल त्यांना. मी त्यांना कधी विचारलं न्हाई. ते वारले तवाही न्हाई." मग ती माझ्या दिशेने वळली. "पण तू? तुला कोणाचा धाक होता?"

मी म्हणालो, "मी चुकलो. मला क्षमा कर."

"क्षमा कशाला? तू माझा भाऊ हायस. पण हे मला सांगून काय उपेग? मला ठाऊकच होतं. माझ्या नातवाच्या बायकोला ठाऊक न्हाई. परवाच पोराला म्हणत होती, अक्काची पोथी सांगू नको म्हणून. माझ्याच घरात, मीच बसलेली असताना. जिथं बोललास तिथं जाऊन सांग. माझ्यावर सगळे हसले होते, तितक्यांपुढं."

"त्यातले किती उरलेत, अक्का?"

"त्यांची पोरं हायेत ना? त्यांनाही तेच ठाऊक हाय."

मार्गशीर्षातल्या वाचनाच्या पहिल्या दिवशी मी गावी गेलो. पुतण्याला आदल्या दिवशीच कळवले होते. तो नको म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. देवळात तीस-पस्तीस माणसे असतील. पोथी व्यासपीठावर लाल रुमालात बांधलेली होती. मंगलाचरणापूर्वी मी उभा राहिलो. एवढी वर्षे वर्गात बोललेला मी. पण त्या दिवशी काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते. मी सांगितले की, ही पोथी आमच्या आत्याने लिहिली. तिचे नाव आमच्याच घरात झाकले गेले. माझ्या बहिणीने ते याच जागी सांगितले होते, आणि याच जागी मी तिला खोटे पाडले. खोटा मी होतो. दोन्ही चित्रे मी फिरवायला दिली.

चित्रे हातोहात फिरली. मग खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे, म्हणाले, "हाव, आठवतं मला. हसलो होतो की आमी बी."

एका बाईने चित्र डोळ्यांजवळ धरले. "बाईचं अक्षर हाय व्हय हे? लई गोमटं हाय बगा."

पण विश्वस्तांपैकी एकाने पुतण्याला बाजूला बोलावले. ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. ऐकण्याची गरजही नव्हती. पुतण्या परत आला, पोथीला नमस्कार केला, आणि ती रुमालासकट उचलून आत ठेवून आला. येताना हातात छापील ग्रंथ होता. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "काका, एवढ्या सालाला राहू द्या. लोकाईला जरा पचू द्या." आणि वाचन छापील ग्रंथावरून सुरू झाले.

मी ते शेवटपर्यंत बसून ऐकले. अण्णांना ज्याची भीती होती, बरोबर तेच माझ्या बोलण्याने घडले. त्यांनी नाव झाकून पोथी व्यासपीठावर ठेवली. मी नाव उघडे करून ती खाली उतरवली. यातले पुण्य कोणाचे आणि पाप कोणाचे, याचा निवाडा करण्याइतके शास्त्र मला येत नाही. अण्णांच्या श्राद्धाला यंदा मी बसेन तेव्हा त्यांना काय सांगणार आहे, तेही ठाऊक नाही. त्यांच्याविषयीची भक्ती उणी झाली असती तर सोपे झाले असते. ती झालेली नाही.

परतीच्या वाटेवर अक्काला फोन केला. काही न लपवता सारे सांगितले, पोथी उचलून ठेवल्याचेही. 

"तू मोठ्यानं बोललास का?" तिने विचारले.

"हो."

"बायकांच्या बाजूला ऐकू गेलं?"

"गेले."

"बरं." ती म्हणाली, "मग आता तिथं वाचत न्हाईत तर मला वाच. मी आत्याच्या तोंडून ऐकली, लिहिताना पुटपुटायची ती. तुझ्या त्या सत्कारापासनं देवळात कधी ऐकली न्हाई मी."

तेव्हापासून रोज सकाळी, पूजा झाल्यावर, मी नांदेडहून तिला फोनवर पोथी वाचून दाखवतो. पोथी गावी पेटीत आहे. मी वाचतो ती संगणकावरच्या छायाचित्रांवरून, काच लावून काढलेल्या, ज्यांत हिंगुळाचे तांबडे अंक स्पष्ट दिसतात. रोज पाच पाने होतात. कधी ती मध्येच अडवते, "थांब, ते पुन्हा म्हण," आणि मी पुन्हा म्हणतो. कधी तिला झोप लागते. सूनबाई एकदा दारात उभी राहून ऐकत होती. मग तिने नातवंडांना आणून बसवले. 'अक्काची पोथी' हा शब्द आमच्या घरात आता त्या वाचनाला वापरतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला दचकायला झाले, अक्काला सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणू दे."

अजून निम्मी पोथी शिल्लक आहे. शेवटच्या पानाशी पोहोचू तेव्हा दुसरे चित्र उघडावे लागेल. सूचीत ती दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आहेत, आणि खाली कोणते काचेसह व कोणते काचेवाचून, एवढेच लिहिले आहे.

हे वाचणाऱ्या तुम्हांला, आणि तुमच्या घरात जी माणसे कमी बोलतात त्यांना, श्रीशारदा दीर्घ आयुष्य देवो. तुमच्या घरी जे कोणाच्या हातून चांगले घडले असेल ते त्याच्याच नावाने सांगितले जावो. मुलीबाळी, लेकीसुना, वडीलधारी, सर्व निरामय असोत, आणि तुमच्या देवघरातला दिवा शांत तेवत राहो.